सहा गॉब्लिन जड की एक ओगर?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात मावसभाऊ पहिल्यांदाच डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसणार आहे. लढाई किती जड जाईल हे कुठल्या हिशेबाने ठरवू, असं विचारत होता. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या माडीवर तिन्ही हिशेब वापरून झालेत. सेवउसळीच्या तर्रीचे डाग पडलेला तो कागदच त्याच्यापुढे ठेवला.

खेळाडू चार, सगळे दुसऱ्या लेव्हलचे. एका खोलीत एक ओगर (धिप्पाड राक्षस), दुसरीत सहा गॉब्लिन (बुटके राक्षस).

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या नियमांत ओगरचे 450 एक्सपी (शत्रूला हरवल्याचे गुण). चौघांसाठी मीडियम 400 पासून, हार्ड 600 पासून. म्हणजे ओगर मीडियम. गॉब्लिन 50 प्रमाणे 300 होतात, पण शत्रू 3 ते 6 असले की बेरीज दुप्पट धरायची. झाले 600, हार्ड.

2024च्या नियमांत हा गुणाकारच काढून टाकला. हिशेब अर्ध्या मिनिटात होतो, पण निकाल उलटतो: ओगर मॉडरेट, आणि तेच गॉब्लिन 300 म्हणजे लो, सगळ्यात हलकी पायरी!

खरं कोण? 2014चेच आकडे घेऊन समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 15 धरू. सहा गॉब्लिनांचे निम्मे वार लागतात. पहिल्या फेरीत साधारण 16 डॅमेज. ओगरचा वार एकच, दहातून सहा वेळा लागणारा, सरासरी 13चा. म्हणजे फेरीला आठेक. सुरुवातीला गॉब्लिन दुप्पट भारी. मात्र गॉब्लिन मरतील तसे वार घटतात, ओगर 59 हिट पॉइंट (अंगातला जीव) संपेपर्यंत तेवढ्याच जोराने मारतो, आणि 12 हिट पॉइंटचा विझर्ड (जादूगार खेळाडू) त्याच्या एका फटक्यात आडवा होऊ शकतो. तरी माझं मत 2014च्या बाजूने. दुप्पट जरा जास्तच, पण गर्दीची किंमत शून्य धरणं त्याहून वाईट.

पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (2019) शत्रूची लेव्हल खेळाडूंच्या किती वर-खाली, यावर किंमत ठरते. आपल्या लेव्हलचा 40, एक वरचा 60, तीन खालचा 15. ओगर वॉरियर 60, लो. सहा गॉब्लिन वॉरियर 90, मॉडरेटच्या 80 पेक्षा थोडे वर. मला हा तक्ता सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण त्या खेळात लेव्हल जवळजवळ प्रत्येक फाशाच्या आकड्यात मिळवली जाते, त्यामुळे एका लेव्हलचा फरकही लगेच जाणवतो. पण नियम पाठ व्हायला वेळ लागतो, आणि आमच्याकडचे निम्मे गडी पुस्तक उघडतच नाहीत.

आता नवरात्राची गोष्ट. गरब्यापायी एक जण हमखास गळतो. तिघांवर तेच सहा गॉब्लिन सोडले तर 2014 सांगतं डेडली, पाथफाइंडर सांगतो सिव्हिअर (मॉडरेटच्या वरची पायरी), आणि 2024 अजूनही लोच म्हणतं.

भावाकडे 2024चं पुस्तक आधीच आहे, त्यामुळे नवीन घे असं म्हणणार नाही. तीनपेक्षा जास्त शत्रू असले की बेरीज दीडपट धर, एवढंच सांगितलं. आणि सहांपैकी दोन गॉब्लिन दाराबाहेर ठेव. पहिल्या फेरीतच विझर्ड पडला तर ते दोघे आलेच नाहीत.