रेड ऑक्साइडखाली दडवलेले स्पॉट फेसिंग

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्रीचा माल मशिनिंगसाठी बाहेर जॉबवर्कला देणाऱ्या लहान कारखानदारांनी हा अनुभव जरूर वाचावा, कारण आमची फसवणूक ज्या रीतीने झाली ती वरवरच्या तपासणीत सापडत नाही.

आमचे काम बिडाच्या पंप-बॉडीचे. फ्लँजची (बोल्टने जोडायच्या रुंद कडेची) मागची बाजू ओतीव असल्याने ती खडबडीत आणि किंचित उतरती असते. तिच्यावर नट तसाच आवळला तर तो एकाच कडेवर टेकतो, बोल्ट ताणाबरोबर वाकतही राहतो आणि पुढे ढिला होतो किंवा तुटतो. म्हणून होलभोवती, होलाशी काटकोनात, वॉशर पूर्ण बसेल एवढी गोल सपाट बैठक काढतात; यालाच स्पॉट फेसिंग म्हणतात. एम १६ बोल्टच्या वॉशरचा बाहेरचा व्यास ३० मि.मी. असतो, त्यामुळे आमच्या ड्रॉइंगमध्ये ३४ मि.मी.ची बैठक दिलेली होती. मागे बॉडीची भिंत आडवी येत असल्याने कटर थेट पोहोचत नाही. होलातून बार घालून, पलीकडून त्याला कटर लावून, स्पिंडल वर ओढत कापावे लागते आणि प्रत्येक होलाला कटर काढा-घाला करावी लागते. काम वेळखाऊ, म्हणून दर होलामागे ठरतो, आणि चोरी नेमकी इथेच होते.

‘प्रायमर मारूनच पाठवतो, त्याचे वेगळे पैसे नकोत,’ असे आमचे काम घेणाऱ्या वर्कशॉपवाल्याने आपणहून सांगितले. (फुकटचा रंग कशासाठी, हे नंतर उमगले.) माल दिसायला सुबक होता. पुढे कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली की टॉर्क रेंचने आवळलेले बोल्ट ढिले पडतात आणि जोडातून पाणी झिरपते.

परत आलेल्या बॉडीची बैठक ब्लेडने खरवडली, तर रेड ऑक्साइड प्रायमरसकट लांबीचे (खड्डे बुजवायच्या पुट्टीचे) पापुद्रे निघाले. त्याखाली हँड ग्राइंडरचे तिरके ओरखडे होते आणि मधोमध वाळूचा ओतीव खड्डा तसाच होता. कटर फिरला असता तर होलाशी समकेंद्री वर्तुळाकार खुणा उमटल्या असत्या. वॉशर ठेवून पाहिला, तर एका बाजूने ०.०५ मि.मी.ची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) थेट होलापर्यंत सरकली. लांबी नटाच्या दाबाखाली चुरते आणि ती चुरली की बोल्टचा ताण उतरतो. गळतीचे कारण एवढेच होते.

तेव्हा मशिनिंगचा माल बिनरंगाचाच मागवावा, चलनावर ‘मागील स्पॉट फेसिंग’ असे होलांच्या संख्येसह वेगळे लिहून घ्यावे आणि फीलर लावून पाहिल्याखेरीज बिल पास करू नये. बॉडीच्या आतली बाजू बॅटरीच्या उजेडात आरसा धरून पाहावी. दर्शनी होल दाखवून नमुना पास करून घेण्याची युक्ती जुनीच आहे.

त्या वर्कशॉपवाल्याने रक्कम पुढच्या बिलातून वळती करून देण्याचे कबूल केले आहे. पुढचे काम आम्ही त्याला दिलेले नाही, त्यामुळे ते पैसे अजून त्याच्याकडेच आहेत.