क्लायंटकडे प्रोग्राम चालत नाही तेव्हा: प्रोसेस मॉनिटर आणि सिसइंटर्नल्सची बाकी हत्यारं

व्हिज्युअल स्टुडिओत एफ-५ दाबलं की सुरळीत चालणारा प्रोग्राम क्लायंटच्या पीसीवर उघडतच नाही, किंवा उघडतो आणि सेव्ह करताना पडतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला हात कोडला लागतो. चार मेसेज बॉक्स टाकायचे, नवा सेटअप बनवायचा, एनीडेस्कवरून पाठवायचा, आणि पुन्हा तोच एरर. पुष्कळदा दुखणं कोडच्या ओळीत नसतंच. प्रोग्रामने विंडोजकडे काय मागितलं आणि विंडोजने काय उत्तर दिलं, तिथे ते असतं. स्क्रीनवरचा एरर हा त्या उत्तराचा तिसऱ्याच्या तोंडून आलेला निरोप असतो. मूळ उत्तर वाचायचं असेल तर प्रोग्रामची प्रत्येक मागणी आणि तिचं उत्तर ओळीने नोंदवणारं प्रोसेस मॉनिटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं प्रोकमॉन, याला तोड नाही.

मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सिसइंटर्नल्स या विंडोजच्या छोट्या साधनांच्या संचाची सुरुवात केली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. आधी फाइल्ससाठी फाइलमॉन आणि रजिस्ट्रीसाठी (विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज ठेवतात ती जागा) रेगमॉन अशी वेगवेगळी साधनं होती. प्रोकमॉनने दोन्ही एकत्र आणली, वर प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम), थ्रेड (त्यातली कामाची एकेक धार) आणि नेटवर्कच्या घडामोडीही घेतल्या. पैसे पडत नाहीत, इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून एक एक्झी (प्रोग्रामची फाइल) चालवली की काम सुरू. आतून ते स्वतःचा ड्रायव्हर लोड करतं, म्हणून अॅडमिनिस्ट्रेटर हक्क मात्र हवेतच.

पहिल्यांदा उघडणारा माणूस घाबरतो, कारण काही सेकंदांतच हजारो ओळी धावू लागतात. क्रम असा ठेवावा. उघडताच कंट्रोल-ई दाबून रेकॉर्डिंग थांबवा, कंट्रोल-एक्सने यादी साफ करा, कंट्रोल-एलने फिल्टर उघडा. तिथे 'प्रोसेस नेम', 'इज', आपल्या एक्झीचं पूर्ण नाव, 'इन्क्लूड' असं भरून 'अॅड' दाबायला विसरू नका. फिल्टर लागलाच नाही तर अर्धा तास भलत्याच ओळी वाचण्यात जातो. मग पुन्हा कंट्रोल-ई, एरर घडवून आणा, आणि एररची खिडकी बंद न करता लगेच कंट्रोल-ई. खिडकी बंद केली की प्रोग्राम आवराआवर करताना शेकडो नव्या ओळी टाकतो आणि कामाची ओळ खूप वर ढकलली जाते. प्रोग्राम आधीच चालू असेल तर टूलबारवरचं निशाण्याचं चिन्ह ओढून त्याच्या खिडकीवर सोडलं तरी चालतं.

वाचायचं खालून वर. एरर बॉक्स दाखवण्यासाठी लागलेल्या फॉन्टच्या, थीमच्या, भाषेच्या फाइल्सच्या ओळी शेवटी असतात, त्या ओलांडून गेलं की खरी जागा येते. 'रिझल्ट' रकान्यात सक्सेस नसलेली प्रत्येक ओळ म्हणजे चूक, हा समज आधी काढून टाका. 'बफर ओव्हरफ्लो' वाचून घाम फुटायचं कारण नाही. प्रोग्रामने दिलेली जागा पुरली नाही, जास्त जागा घेऊन तो परत विचारेल, एवढाच त्याचा अर्थ. 'फास्ट आयओ डिसअलाउड', 'रिपार्स', 'एंड ऑफ फाइल', 'नो मोअर फाइल्स' हेही रोजचंच. 'नेम नॉट फाउंड' तर धडधाकट प्रोग्राममध्येही शेकड्यांनी दिसतं, कारण विंडोज एकच फाइल पाच ठिकाणी शोधतं. आणि 'क्रिएटफाइल' म्हणजे नवी फाइल बनवली असं नव्हे. असलेली फाइल उघडली तरी हेच नाव दिसतं.

सक्सेसच्या सगळ्या ओळी लपवणारा फिल्टर सुरुवातीलाच लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. चुकीच्या फोल्डरातली जुनी डीएलएल (प्रोग्राम चालताना वापरतो ती कोडची वेगळी फाइल) यशस्वीपणे लोड झाली, हीच पुष्कळदा चूक असते, आणि ती 'लोड इमेज' ही ओळ सक्सेस म्हणूनच नोंदली जाते.

डीएलएलच्या भानगडीत प्रोकमॉनची किंमत सगळ्यात जास्त कळते. डॉटनेट सांगतं, 'अमुक डीएलएल लोड करता आली नाही, मॉड्यूल सापडलं नाही.' फोल्डर उघडून बघावं तर फाइल डोळ्यांसमोर. मग ती पुन्हा कॉपी होते, सिस्टिम-३२ मध्ये टाकली जाते, डीएलएल रजिस्टर करणारं रेगएसव्हीआर-३२ चालवलं जातं, आणि काहीच हलत नाही. प्रोकमॉनमध्ये मात्र स्पष्ट दिसतं की ती डीएलएल उघडली गेली होती. तिच्या लगेच खाली व्हीसीरनटाइम-१४० किंवा एमएसव्हीसीपी-१४० ही फाइल प्रोग्रामच्या फोल्डरात, सिस्टिम फोल्डरात, विंडोज फोल्डरात, मग पाथमधल्या (विंडोजच्या शोधायच्या फोल्डरांच्या यादीतल्या) एकेका फोल्डरात शोधली गेली आणि प्रत्येक ठिकाणी 'नेम नॉट फाउंड'. म्हणजे हरवली ती डीएलएल नव्हे, ती ज्यावर उभी आहे ती फाइल. इलाज: या फाइल्स देणारं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल टाकणं, आणि तेही प्रोग्राम ३२-बिट असेल तर एक्स-८६ चं, मशीन ६४-बिट असलं तरी. शोधल्या जाणाऱ्या नावाच्या शेवटी डी असेल, म्हणजे व्हीसीरनटाइम-१४०-डी, तर कोणीतरी डीबग बिल्ड, म्हणजे आपल्याच मशीनवर तपासायची आवृत्ती, पाठवली आहे. ती फाइल नेटवरून शोधून टाकू नका; रिलीज बिल्ड करून पाठवा.

३२ आणि ६४-बिटचा घोळ अॅक्सेसच्या डेटाबेसवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये सर्रास दिसतो. 'मायक्रोसॉफ्ट एसीई ओएलईडीबी १२.० प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही' हा एरर हिशेबाचं किंवा शाळेच्या फीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असेल. एसीई (प्रोग्रामला अॅक्सेसची फाइल वाचून देणारा घटक) टाकलेलं असूनही तो येतो. फिल्टरमध्ये पाथ रकान्याला 'कंटेन्स एसीई' लावा. प्रोव्हायडरच्या नावाची नोंद सापडलेली दिसेल, पण त्यातला सीएलएसआयडी (घटकाचा ओळख क्रमांक) धरून प्रोग्राम पुढे जातो तेव्हा त्याच्या बिटनुसार रजिस्ट्रीच्या वेगळ्या खोलीत पाठवला जातो: ३२-बिट प्रोग्राम 'वाव-६४३२-नोड'खाली, ६४-बिट प्रोग्राम मूळ जागी. तिथे 'नेम नॉट फाउंड' आलं की निदान झालं. व्हिज्युअल स्टुडिओत 'प्लॅटफॉर्म टार्गेट' एनी सीपीयूवर सोडलेला आणि 'प्रिफर ३२-बिट'ची खूण काढलेली असेल तर तोच प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर ६४-बिट म्हणून चालतो. क्लायंटकडचं ऑफिस कोणत्या बिटचं आहे ते बघा, एसीई त्याच बिटचं घ्या आणि टार्गेट त्याप्रमाणे एक्स-८६ किंवा एक्स-६४ असा स्पष्ट लिहा. दुसऱ्या बिटचं ऑफिस आधीपासून असेल तर एसीईचा इन्स्टॉलर साधारणपणे अडून बसतो, म्हणून टार्गेट बदलणं जास्त सोपं.

विनफॉर्म्समधला (डॉटनेटच्या खिडक्या-बटणांच्या प्रोग्राममधला) सगळ्यात निरुपयोगी एरर म्हणजे फोटो सेव्ह करताना येणारा 'अ जेनेरिक एरर ऑकर्ड इन जीडीआय प्लस'. त्यातून काहीही कळत नाही. प्रोकमॉनमध्ये त्याच क्षणी तीनपैकी एक उत्तर दिसतं. 'पाथ नॉट फाउंड' असेल तर फोल्डरच नाही. 'अॅक्सेस डिनाइड' असेल तर प्रोग्राम फाइल्ससारख्या जागी लिहायचा प्रयत्न चाललाय. 'शेअरिंग व्हायोलेशन' असेल तर फाइल कोणीतरी धरून ठेवली आहे, आणि तो कोणीतरी बहुतेक आपलाच प्रोग्राम असतो. इमेज-डॉट-फ्रॉमफाइल वापरून पिक्चरबॉक्समध्ये दाखवलेला फोटो, ती इमेज डिस्पोज (वापर संपवून मोकळी) होईपर्यंत फाइलवरचा ताबा सोडत नाही. म्हणून यूझिंग ब्लॉकमध्ये फ्रॉमफाइल करा, त्यावरून नवा बिटमॅप बनवा आणि पिक्चरबॉक्सला तो द्या. मेमरीस्ट्रीममधून इमेज घ्यायची वाट धरलीत, तर इमेज वापरात असेपर्यंत स्ट्रीम बंद करू नका. नाहीतर तोच एरर दुसऱ्या दाराने परत येतो.

लिहिण्याच्या परवानगीबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. मॅनिफेस्ट (कोणते हक्क हवेत ते विंडोजला सांगणारी नोंद) नसलेला जुना ३२-बिट प्रोग्राम, समजा व्हीबी-६ मधला, प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू लागला तर विंडोज त्याला नकार देत नाही. ते लिखाण गुपचूप युजरच्या अॅपडेटामधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरात वळवतं. मग तोच प्रोग्राम डॉटनेटमध्ये नव्याने करून दिला की क्लायंट म्हणतो, जुना डेटा गेला. तो गेलेला नसतो. जुन्या एक्झीवर प्रोकमॉन लावलं की व्हर्च्युअलस्टोअरचा पूर्ण पत्ता समोर येतो. हा वळसा प्रत्येक युजरसाठी वेगळा असल्याने, एकाच पीसीवर दोन लॉगिन असतील तर दोन वेगवेगळ्या प्रती सापडतील. जुळवणी करायच्या आधी दोन्ही बाजूला काढून ठेवा.

मराठीत फाइलनावं देणाऱ्यांसाठी हे खास. देवनागरीला विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेज (युनिकोडच्या आधीची अक्षरांची जुनी यादी) नाही, ती फक्त युनिकोडमध्ये आहे. व्हीबी-६ किंवा डेल्फी २००९ च्या आधीचे प्रोग्राम फाइल उघडताना जुनी एएनएसआय फंक्शन्स वापरतात, त्यामुळे ग्राहकाच्या मराठी नावाने केलेल्या बिलाचं नाव विंडोजपर्यंत पोचताना प्रश्नचिन्हांची रांग होतं. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून प्रोकमॉन 'नेम इनव्हॅलिड' दाखवतं. एकदा ती रांग डोळ्यांनी बघितली की फॉन्टला दोष देणं थांबतं. अशा प्रोग्राममध्ये फाइलसिस्टिमऑब्जेक्ट किंवा डब्ल्यू शेपटीची (युनिकोड समजणारी) फंक्शन्स वापरावी लागतात.

आता प्रोकमॉनच्या मर्यादा. फाइल, रजिस्ट्री, प्रोसेस, नेटवर्क याबाहेरचं त्याला दिसत नाही. एसक्यूएलची क्वेरी चुकली, जीएसटीची बेरीज चुकली, तारीख महिना आधी की दिवस आधी अशी वाचली गेली, तर त्याच्याकडे उत्तर नाही. नेटवर्कच्या नोंदीत कोणाशी जोडणी झाली ते कळतं, आत काय गेलं ते नाही. शिवाय नोंदी मूळ व्यवस्थेत मेमरीत साठतात. कधीतरीच येणारा एरर पकडायला दिवसभर चालू ठेवलं तर कमी रॅमचं मशीन बसतं. त्यासाठी फाइल मेनूत 'बॅकिंग फाइल्स'मध्ये डिस्कवरची फाइल द्या आणि फिल्टर नीट लावून झाल्यावरच 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' चालू करा. त्यानंतर फिल्टरबाहेरच्या नोंदी कायमच्या जातात, परत आणता येत नाहीत.

हँग होणाऱ्या प्रोग्रामसाठी याच संचातलं प्रोकडंप घ्यावं. -एमए हा स्विच पूर्ण मेमरीचा डंप (त्या क्षणाची फाइलमधली नक्कल) घेतो आणि -एच खिडकी किमान ५ सेकंद प्रतिसाद देत नसेल तेव्हाच घेतो. दोन्ही लावून, पुढे एक्झीचं नाव देऊन चालू ठेवा. हँग झाला की फाइल तयार. ती व्हिज्युअल स्टुडिओत उघडून 'पॅरलल स्टॅक्स' बघितलं की मुख्य थ्रेड कुठे अडला ते दिसतं. बटणाच्या इव्हेंटमध्ये एसिंक (मागे चालणारं) फंक्शन बोलावून त्यावर डॉट-रिझल्ट लावलेला असतो, हे कारण वारंवार सापडतं: मुख्य थ्रेड उत्तराची वाट बघतो आणि उत्तर मुख्य थ्रेड मोकळा होण्याची. तिथे अवेट हवा, म्हणजे मुख्य थ्रेड न अडवता वाट बघितली जाते. टास्क मॅनेजरमधून डंप घेण्याचा सोपा मार्ग ३२-बिट प्रोग्रामला टाळावा, कारण ६४-बिट टास्क मॅनेजर ६४-बिट पद्धतीचा डंप देतो आणि वाचताना त्रास होतो. प्रोकडंप प्रोग्रामच्या बिटप्रमाणे घेतो.

दुपारपर्यंत ठीक आणि मग बटणांच्या जागी लाल फुली, किंवा 'एरर क्रिएटिंग विंडो हँडल', अशी तक्रार आली तर याच संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर उघडा आणि रकान्यांमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्स (चित्रं, फॉन्ट, ब्रश) व युजर ऑब्जेक्ट्स (खिडक्या, मेनू) जोडा. एका प्रोसेसला दोन्हींची नेहमीची मर्यादा १०,००० आहे. एकच फॉर्म उघडा-बंद करत आकडा बघा. दर वेळी वाढून खाली येत नसेल तर गळती तिथेच. शोडायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केला तरी आपोआप डिस्पोज होत नाही, आणि पॅनेलवर कंट्रोल्स-डॉट-क्लिअर केलं तरी जुनी कंट्रोल्स डिस्पोज होत नाहीत, ही दोन ठिकाणं आधी तपासा. गेटएचबिटमॅपने घेतलेलं हँडल (विंडोजने दिलेला त्या चित्राचा ताबा) डिलीटऑब्जेक्टने स्वतः सोडावं लागतं. 'फाइल वापरात आहे' या एररसाठीही हेच साधन: 'फाइंड' मेनूतून 'फाइंड हँडल ऑर डीएलएल' उघडून फाइलचं नाव लिहा, कोणत्या प्रोसेसने धरली आहे ते समोर येतं.

प्रोग्राम चालताना सोडतो ते डीबग संदेश दाखवणारं डीबगव्ह्यू छोटं पण कामाचं. फक्त लक्षात ठेवा, डीबग-डॉट-राइटलाइन रिलीज बिल्डमधून गळून जातं. क्लायंटकडे बघायचं असेल तर ट्रेस-डॉट-राइटलाइन लिहा.

क्लायंटकडे अॅडमिन पासवर्ड नसतो ही खरी अडचण, आणि तिला या संचात उत्तर नाही. त्यांच्या हार्डवेअरवाल्याला ठरलेल्या वेळी बसवूनच काम करावं लागतं. नोंद घेऊन पाठवायला सांगताना सीएसव्ही नको, पीएमएल या प्रोकमॉनच्या स्वतःच्या स्वरूपात आणि 'ऑल इव्हेंट्स' निवडून सेव्ह करायला सांगा, म्हणजे आपल्याकडे वेगळे फिल्टर लावून तीच नोंद परत वाचता येते. त्या फाइलमध्ये क्लायंटच्या फोल्डरांची, फाइल्सची आणि युजरची नावं असतात, तेव्हा ती सपोर्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, आणि काम संपल्यावर दोन्हीकडून डिलीट करा.