ईबी-5 सल्लागाराचं पॅकेज, हापूसच्या बागेतून वापरून पाहिल्यावर

सल्लागार कंपनीचं भाषांतराचं बिल आलं, म्हणून हे लिहायला घेतलं. सात कोटींच्या व्यवहारात पानामागच्या दरावरून भांडणं कुणाला कोतेपणाचं वाटेल. वाटू दे.

ईबी-5 म्हणजे अमेरिकेत नोकऱ्या निर्माण करणाऱ्या प्रकल्पात पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवण्याची योजना. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागातल्या प्रकल्पात 8 लाख डॉलर आणि इतरत्र साधारणपणे साडेदहा लाख का, दहा नोकऱ्यांची अट काय, हे इथे येणाऱ्यांना ठाऊक असतं, ते पुन्हा लिहीत नाही. केस नेहमीचीच: मुलगा तिकडे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, अर्जदार तोच, पैसे देणारे आईवडील रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात. पैसा दोन वाटांनी जमलेला, आंब्याच्या पट्टीचा (पट्टी म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब) आणि जमीनविक्रीचा. पॅकेजमध्ये प्रकल्पाची निवड, पैशाच्या उगमाची फाइल आणि अमेरिकन वकिलाशी समन्वय.

आधी बिल. सातबारा, फेरफार, आठ-अ, खरेदीखत, सगळं मराठीत. कंपनीने प्रत्येक पानाचं 'नोटराइज्ड भाषांतर' लावलं, वर 18 टक्के जीएसटी. सातबाऱ्याची डिजिटल सहीची प्रत महाभूमीच्या साइटवर 15 रुपयांना मिळते. तिच्या भाषांतराला त्याच्या कितीतरी पट, आणि त्यातले निम्मे रकाने कोरे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला नोटरी लागतच नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, एवढं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं, नाव-पत्ता-तारीख घालायची, झालं. इंग्रजी बरं असलेला गावातला निवृत्त शिक्षकही ते देऊ शकतो. फक्त तो अर्जदार किंवा त्याचा नातेवाईक नसावा, उगाच शंकेला जागा नको.

पण त्या पानावर काय लिहिलंय, हे कंपनीने वाचलंच नव्हतं. गाव नमुना 12 मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या खालच्या भागात, पिकाची नोंद असते. कोकणात कलमं वीस-वीस वर्षांची झाली तरी तिथे 'गवत' किंवा 'पड' असंच चालत आलेलं दिसतं, कारण कुणी नोंद करून घेतलीच नाही. आता फाइलमध्ये दावा काय, तर आंब्याचं उत्पन्न. आणि सोबत जोडलेला सरकारी कागद म्हणतो, इथे गवत. समोरचा अधिकारी पुरावे मागणारी नोटीस काढणार नाही तर काय करणार? आपल्या विरोधात जाणारा कागद भाषांतर करून, शिक्का मारून, पैसे घेऊन जोडायचा, ही सेवा जरा महागच पडते.

उपाय आहे. 2021 च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, त्यात बागायतदार स्वतः मोबाइलवरून फोटोसह आंबा-काजूची नोंद करू शकतो. मात्र मागच्या वर्षांची नोंद आता होत नाही. ती वर्षं दुसऱ्या कागदांनी भरून काढायची: फळपीक विम्याच्या पावत्या (त्यात क्षेत्र आणि पीक दोन्ही असतं), पीककर्जाचा मंजुरी कागद, आणि वाशीच्या अडत्याच्या पट्ट्या. पट्टीवर पेट्या, भाव, दलाली, हमाली, गाडीभाडं आणि निव्वळ रक्कम असते. ती रक्कम बँकेच्या पासबुकात त्याच आकड्याने दिसली पाहिजे. गोची इथेच होते. पावसाळ्यात अडत्याकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) पट्टीतून वळती झालेली असते, त्यामुळे पट्टी एक सांगते आणि खातं दुसरं. उचलीचा हिशेब अडत्याच्या लेटरहेडवर वर्षवार लिहून घ्या, तोही त्याच्या सहीचा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून रिटर्नच भरला नाही, ही आपल्याकडची सर्रास सवय. ईबी-5 ला सात वर्षांचे रिटर्न लागतात. 5,000 च्या वर शेतीउत्पन्न असेल तर आयटीआर-2, आणि ते 5 लाखांच्या वर गेलं की जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की भाड्याची, बागायत की जिरायत, सगळं भरावं लागतं. ज्यांनी हे आधीपासून भरलंय त्यांची अर्धी फाइल तयार आहे.

जमीनविक्रीचंही तेच दुखणं. नगरपालिका हद्दीपासून ठराविक अंतराबाहेरची शेतजमीन (लोकसंख्येनुसार 2, 6 किंवा 8 किलोमीटर, सरळ रेषेत) भांडवली मालमत्ता धरतच नाहीत, म्हणजे कर नाही, म्हणजे कराचा कागदही नाही. त्या अंतराचा दाखला घ्या. आणि 'वरचे' रोख पैसे विसरा. खरेदीखतावर असलेला आणि बँकेतून आलेला आकडाच चालतो.

इथवर कंपनीला दोनच तारे देणार होतो. पण पैशाच्या प्रवासाचा तक्ता त्यांनी फारच चांगला काढला, हे मान्य करायला हवं. पट्टीपासून मुदत ठेव, तिथून बचत खातं, तिथून परदेशी रवाना, प्रत्येक बाणाखाली कागदाचा क्रमांक. असा तक्ता स्थानिक सीएकडून होत नाही. शिवाय प्रकल्पाच्या प्रशासकीय शुल्काचाही उगम दाखवावा लागतो, हे त्यांनीच वेळेत सांगितलं. म्हणून तीन तारे.

बँकेचा भाग. माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. आई आणि वडील दोघांनी थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवले तर दोन वर्षांच्या मर्यादेत 10 लाख डॉलर बसतात. निवासी माणसाला दुसऱ्या निवासी माणसाच्या परदेशी खात्यात डॉलरची भेट देता येत नाही. मुलगा अनिवासी असल्यानेच ही वाट मोकळी. पैसे बाहेर पाठवताना बँकेत भरायच्या ए-2 फॉर्मवर उद्देश 'भेट' असाच हवा. शाखेतला कारकून सवयीने 'परदेशी गुंतवणूक' टाकतो, आणि बक्षीसपत्राशी ते जुळत नाही. सही करण्याआधी वाचा.

खरा चिमटा टीसीएसचा, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराचा. 2025 च्या एप्रिलपासून माणशी वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के. डॉलर 85 ते 90 धरला तर सव्वा ते दीड कोटी रुपये सरकारजमा. नोकरदार ते आपल्या करातून वळते करून घेतो. शेतकऱ्याला करच नाही, त्यामुळे सगळं परताव्याच्या भरवशावर. तेवढी रोकड बाजूला नसेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ ठरलेली. पॅकेजच्या खर्चाच्या अंदाजात ही ओळच नव्हती! तिकडे मुलाने अमेरिकन करखात्याचा फॉर्म 3520 भरून लाख डॉलरच्या वरची परदेशी भेट कळवायची असते, नाही तर दंड रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत जातो. त्याचाही उल्लेख नव्हता.

कंपनीला प्रकल्पाकडून दलाली मिळते. त्यात गैर काही नाही, पण ईबी-5 च्या 2022 च्या कायद्यानंतर एजंटाने आय-956के हा फॉर्म भरून अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे नोंदणी करायची आणि दलालीचा आकडा गुंतवणूकदाराला लेखी द्यायचा. मागितल्याशिवाय मिळत नाही. कुणी 'भांडवल परत मिळण्याची हमी' देत असेल तर उठून या; हमी दिली की पैसा जोखमीचा राहत नाही आणि अर्जच बाद होतो.

ग्रेनाडाचा पासपोर्ट घेऊन त्यावर अमेरिकेचा ई-2 हा गुंतवणूकदार व्हिसा मिळवायचा, हा स्वस्त पर्यायही ऐकवला जातो. 2022 च्या डिसेंबरपासून विकत घेतलेल्या नागरिकत्वावर ई-2 ला आधी तीन वर्षं तिथे वास्तव्य लागतं. स्पेनने गोल्डन व्हिसा (गुंतवणुकीवर मिळणारा निवास परवाना) एप्रिल 2025 मध्ये बंद केला, पोर्तुगालने घरखरेदीची वाट 2023 मध्येच. ही माहितीपत्रकं अजून वाटली जातात.

30 सप्टेंबर 2026 पर्यंत दाखल झालेल्या ईबी-5 अर्जांना पुढे योजना बदलली तरी संरक्षण आहे. सातबारा सामाईक असेल, मुंबईतल्या चाकरमान्यांच्या सह्या आणि वारसनोंदी बाकी असतील, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 चं वाटप तेवढ्यात उरकेल यावर विसंबू नका. जमीन बाजूला ठेवा आणि पट्टीच्या पैशावर फाइल बांधा.