आरोपांनंतर कलाकृती कशी वाचायची?

ज्याचं लेखन किंवा चित्र आपण जिवापाड जपलं, त्याच्यावर अत्याचाराचे गंभीर आरोप झाले की दोन वाटा दिसतात. माणूस बाजूला ठेवून फक्त कलाकृती बघायची, किंवा जे कळलं ते मनात धरूनच बघायची.

पहिल्या वाटेमागे मोठी परंपरा आहे. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये ‘लेखकाचा मृत्यू’ मांडला तेव्हापासून अर्थ लेखकाच्या चरित्रात शोधू नये, तो वाचकापाशी घडतो, हे अनेकांना पटलेलं आहे. काही ठिकाणी ही वाट खरोखर चालते. ब्रिटिश शिल्पकार एरिक गिल १९४० मध्ये वारला. त्याने स्वतःच्या मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते, हे १९८९ च्या चरित्रातून त्याच्याच रोजनिशीच्या आधाराने बाहेर आलं. त्याने घडवलेला ‘गिल सॅन्स’ हा छपाईच्या अक्षरांचा टाइप आजही वापरात आहे. त्या अक्षरांत छापलेली पाटी वाचताना ही माहिती पाटीच्या अर्थामध्ये काही भर घालत नाही.

पण त्याच हाताने न्हाणाऱ्या किशोरवयीन मुलीचं लाकूडकोरीव चित्रही केलं, आणि ती त्याची मुलगी. रेषा आजही तितकीच नाजूक आहे. बघणारा मात्र आता विचारतो, हे बघतंय कोण? इथे माणूस बाजूला ठेवायचा म्हणजे चित्राचा विषयच बाजूला ठेवायचा. म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे, आणि तोही कलावंतागणिक नाही, कलाकृतीगणिक.

या वाटेवरही पाय घसरतो. नोबेलविजेत्या कॅनेडियन कथाकार अॅलिस मन्रो मे २०२४ मध्ये वारल्या. जुलैत त्यांच्या मुलीने जाहीरपणे लिहिलं, की सावत्र वडिलांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार केले आणि आईला सांगूनही आई त्यांच्याबरोबरच राहिली. सावत्र वडिलांनी २००५ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. त्यानंतर मन्रो यांच्या कथांमधलं मौन वेगळं ऐकू येतं, ते खरं आहे. मात्र प्रत्येक ओळीत कबुलीजबाब शोधायला लागलो, तर सोसणारी मुलगी आपल्या लेखी कथेची किल्ली बनून राहते. तिचं म्हणणं आधी तिचं म्हणून ऐकायला हवं. तिची अशी किल्ली होणं मला सगळ्यात जास्त टोचतं.

उलट दिशेनेही तेच. काळोखी कथा हा आरोपाचा पुरावा नव्हे. केवळ आरोप, स्वतःची कबुली आणि न्यायालयाचा निकाल यांचं वजन सारखं नसतं. जिथे नुसता आरोप आहे, तिथे नवा अर्थ पेन्सिलीने लिहावा, शाईने नको.

कलावंत हयात असेल तर पैसे त्याच्या खिशात जावेत का, हा निर्णय अर्थाच्या प्रश्नापासून वेगळा ठेवा. पुस्तक विकत न घेताही ते नीट वाचता येतं.