पहिलं कासव घेताय? आधी बल्ब तपासा, आम्ही ४३५० रुपयांना फसलो आणि एक जीव गेला

ज्यांच्या घरी मुलं कासवासाठी मागे लागलीयेत त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा, थोडं मोठं झालंय पण वाचा.

आम्ही ठाण्यात राहतो, वर्तकनगरच्या बाजूला. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मुलाचं सुरू झालं, आई मला कासव पाहिजे. कुत्रा सोसायटीत नको म्हणून आम्ही दोघं पण तयार झालो, सासूबाई तर खूशच, म्हणाल्या देवळात सभामंडपात कासव असतंच, घरात असलं तर चांगलंच की. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक पेट शॉप आहे, नाव लिहीत नाही, तिथे गेलो. काचेच्या पेटीत ही हिरवीगार पिल्लं, कानाजवळ लाल पट्टा, एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली. जात रेड इअर स्लायडर. जोडी ६०० रुपये.

मी साधं विचारलं की हे केवढं होतं? दुकानदार म्हणाला, "ताई, हे मिनी आहे, जास्तीत जास्त तळहाताएवढं होतं, बस." मी विचारलं एकच घेतलं तर? तर म्हणे एकटं राहिलं की खात नाही, मरतं, जोडीच न्या. आणि सेटअपसाठी कुठे फिरू नका, मी सगळं देतो. एक फुटाची काचेची टाकी, आत प्लास्टिकचा उतार आणि त्यावर हिरवं नारळाचं झाड, १९५० रुपये. बल्ब १४५०. वाळलेल्या कोळंबीचा डबा १५०, पाण्यात टाकायचं निळं औषध २००. एकूण ४३५०. बिल मागितलं तर एका चिठ्ठीवर फक्त आकडा लिहून दिला, दुकानाचं नाव नाही काही नाही, आणि मी ती चिठ्ठी घेऊन निघाले, तिथेच थांबून पक्कं बिल घ्यायला पाहिजे होतं.

आता जे कळलंय ते सांगते. मिनी वगैरे अशी काही जात नसते. हेच पिल्लू मादी निघाली तर पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाते, नर थोडा लहान राहतो, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, म्हणजे माझा मुलगा नोकरीला लागेल तरी ते घरात असणार. एकटं अगदी मजेत राहतं, उलट लहान जागेत दोन ठेवली की चावाचावी होते. आणि अमेरिकेत, जिथलं हे कासव मूळचं आहे, तिथे १९७५ पासून चार इंचांपेक्षा छोटी कासवं विकायला बंदी आहे, कारण पोरं ती हाताळतात, तोंडाजवळ नेतात आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडतात. आमच्या दुकानदाराने मला टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओता म्हणून सांगितलं होतं आणि मी दोन महिने तेच करत होते. तुम्ही करू नका, बाथरूममध्ये ओता आणि मुलांना प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला लावा.

पण सगळ्यात मोठी फसवणूक झाली ती बल्बमध्ये. कासवाला ऊन लागतं हे मला माहीत होतं, मी दुकानात विचारलं पण होतं की पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, आपल्याकडे जुलैमध्ये आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. तर त्याने तो जांभळ्या उजेडाचा बल्ब काढला, डब्यावर सरड्याचं चित्र, कोपऱ्यात यूव्हीबी लिहिलेलं, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. म्हणाला हा लावला की ऊन नसलं तरी चालतं. म्हणून आम्ही निर्धास्त. रोज आठ तास बल्ब चालू, रोज कोळंबी, आठवड्याला निळं औषध.

ऑगस्टमध्ये छोटं कासव खायचं बंद झालं. डोळे सुजून बंद झाले. दुकानात फोन केला तर म्हणे पाणी बदला, औषध डबल टाका. डबल टाकलं. गौरी आल्या त्या दिवशी सकाळी ते पाण्यावर तरंगत होतं. मुलगा दिवसभर जेवला नाही, आरतीला पण उभा राहिला नाही. दुसऱ्याला, गोट्याला, उचलून बघितलं तर त्याच्या पाठीची कडा माझ्या बोटाखाली दबली. अक्षरशः नखासारखी लवचिक झाली होती. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

विसर्जनाच्या आधीच त्याला एक्झॉटिक म्हणजे कासव-पक्षी असे वेगळे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. नेहमीचे कुत्र्या-मांजराचे डॉक्टर बरेचदा कासव घेत नाहीत, आधी फोन करून विचारून जा. डॉक्टर मॅडमनी पाठ दाबून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, बल्ब कुठला वापरता? मी फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, उद्या बल्बच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो टेबल लॅम्पला लावला आणि एक छोटं मीटर काढलं, रिमोटएवढं, यूव्ही इंडेक्स म्हणजे अतिनील किरणांचा जोर मोजायचं. बल्बखाली धरलं, ०.०. अजून जवळ नेलं, जवळजवळ टेकवलंच, तरी ०.०. मग मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेल्या, अकराची वेळ, नुसतं ढगाळ ऊन होतं, तिथे ४ च्या पुढे आकडा गेला. परत आत येऊन बंद खिडकीच्या काचेमागून तेच ऊन मोजलं तर जवळपास शून्य. म्हणजे आम्ही टाकी काचेच्या खिडकीजवळ ठेवून समाधान मानत होतो ते पण फुकट, काच यूव्हीबी अडवते, उजेड आणि ऊब येते पण जे हवं ते येत नाही.

मॅडमनी समजावलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. यूव्हीबी अंगावर पडलं की कासवाचं शरीर व्हिटॅमिन डी३ बनवतं, डी३ असेल तरच खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून आणि कवचातून कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून पाठ मऊ होते. डोळे सुजले ते नुसत्या वाळलेल्या कोळंबीमुळे, त्यात व्हिटॅमिन ए पुरेसं नसतं. पण हे वाचून स्वतःच्या मनाने ए चे थेंब देऊ नका, जास्त झालं तर विषारी पडतं, मॅडमनी तीन वेळा बजावलंय.

घरी येऊन मी बल्बचा डबा नीट बघितला. यूव्हीबी लिहिलेलं ते छापलेलं नव्हतंच, छोटा स्टिकर होता. नखाने सोलला तर खाली डेकोरेटिव्ह लॅम्प असं छापलेलं. सव्वादोन महिने डबा आमच्या कपाटात होता आणि कोणी बघितलं नाही.

डबा घेऊन दुकानात गेलो. मिस्टर शांतपणे बोलत होते तर तो वरच्या आवाजात म्हणाला, आमच्याकडचा माल कशावरून, बिल दाखवा. मग दोन मिनिटांनी एकदम गोड झाला. "ताई, हे पाण्यातलं कटकटीचंच असतं, तलावात सोडून द्या, ठाण्यात तलाव काय कमी आहेत का. मी तुम्हाला स्टार देतो, जमिनीवरचं, टाकी नको बल्ब नको, ८००० घेतो, तुमचे १४५० कमी करतो."

ह्या दोन्ही गोष्टी कोणी सांगितल्या तर तिथून सरळ निघा. स्टार म्हणजे आपलं देशी स्टार कासव, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आता ते शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, घरी ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते, आणि ती शिक्षा विकणाऱ्यासोबत तुम्हाला पण. कोणी कितीही म्हटलं की आफ्रिकेचं आहे, सर्टिफिकेट आहे, तरी पाठीवर पिवळ्या चांदण्या दिसल्या की हात लावू नका. आणि स्लायडर तलावात सोडणं तर पापच आहे. ते परदेशी आहे, तगडं आहे, आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हात बसायच्या जागा बळकावतं, जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० घुसखोर प्रजातींच्या यादीत ते आहे, युरोपात २०१६ पासून त्याची विक्रीच बंद झालीये. तलावपाळीला, उपवनला, कचराळीला लोक प्रेमाने सोडून येतात, मला आता ते बघवत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिल. आमच्याकडे जीपेचा रेकॉर्ड आणि सोललेला डबा आहे, तक्रार नोंदवलीये. स्टारबद्दल वन खात्याच्या १९२६ वर सांगितलंय. तिथेच कळलं की २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, सर्टिफिकेट दुकानात लावलेलं असायला हवं. आम्ही कधी भिंतीकडे बघितलंच नव्हतं.

आता गोट्याचं घर आम्ही परत बनवलंय, ह्यावेळी एकेक गोष्ट विचारून. तीन फुटी सेकंडहँड टाकी घेतली, हिशोब साधारण पाठीच्या दर इंचाला ४० लिटर पाणी, म्हणजे मोठं झाल्यावर ४०० लिटरपर्यंत जाईल, म्हणजे नुसत्या पाण्याचंच ४०० किलो, फ्लॅटमध्ये ते कुठे उभं करणार ह्याचा विचार कासव आणायच्या आधी करायचा असतो. फिल्टर मोठा लावला. बसायला कोरडी फळी, तिच्यावर उबेसाठी साधा पिवळा बल्ब, थर्मामीटर लावून ३२ डिग्रीच्या आसपास, पाणी २५-२६. त्याच्या बाजूला खरी टी५ (म्हणजे बारीक जाडीची) यूव्हीबी ट्यूब, मध्ये काच किंवा प्लास्टिक नाही, आणि लावायच्या आधी ती मॅडमच्या मीटरखाली धरून आणली. डब्यावर लावल्याची तारीख मार्करने लिहिलीये, कारण दिसायला चालू असली तरी वर्षभरात तिचं यूव्हीबी उतरतं. खाण्यात पेलेट म्हणजे कासवाचं तयार दाणेदार खाणं, पालेभाजी, टाकीत कॅल्शियमसाठी सोललेलं कटलबोन म्हणजे माकुळाचं पांढरं हाड. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो.

मॅडमनी इंजेक्शनं सुरू केल्यावर बाराव्या दिवशी त्याने एक डोळा उघडला. मुलगा शाळेतून आला होता, दप्तर पाठीवर तसंच, टाकीसमोर बसून राहिला आणि हळूच हाक मारली, आई, गोट्या बघतोय. मागच्या रविवारी मॅडमनी पाठ दाबली तर कडा दबली नाही.