डबल एक्स कीबोर्ड स्टँड: घ्यावा का?

गणपतीतले कार्यक्रम, लग्नाचे ऑर्केस्ट्रा वगैरे करणाऱ्यांनी सिंगल एक्सच्या (एक्सच्या आकारात एकेरी दांड्यांचा कीबोर्ड स्टँड) नादी लागूच नका, सरळ डबल एक्स (तोच आकार, पण दांडे दुहेरी) घ्या. उचलायला थोडा जड आहे पण एकदम दणकट. एक्स स्टँडचा प्रॉब्लेम काय होतो, उभं राहून वाजवायला उंच केला की खालचे पाय आणि वरचे दांडे दोन्ही जवळ येतात, मग कीबोर्डची टोकं बाहेर लटकतात आणि डावीकडच्या बेसच्या (खालच्या सुरांच्या) कीज जरा जोरात दाबल्या की सगळं हलायला लागतं. डबलमध्ये हे बरंच कमी होतं, माझा यामाहा पी-४५ म्हणजे ८८ कीज, साडेअकरा किलोचा, तोही नीट बसतो.

स्टँडची उंची पक्की करणाऱ्या लॉकची पिन भोकात पूर्ण बसलीये ना ते हाताने हलवून बघायचंच, ह्यात आळस नको!! दांड्यांवरचे रबर मात्र फालतू, घामाने-धुळीने गुळगुळीत होतात, त्यामुळे वेल्क्रोचे पट्टे वेगळे घेऊन कीबोर्ड दांड्यांना बांधा. आणि सस्टेन पेडलची (सूर लांबवायला पायाने दाबतात ते) वायर थोडी सैल ठेवून स्टँडच्या पायाला बांधा, स्टेजवर कोणाचा ना कोणाचा पाय त्यात अडकतोच.