वादळात वीज गेली तर: इन्व्हर्टरवर भागेल की जनरेटर हवाच?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकलं आणि रायगड, दापोली, मंडणगडमधल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. एरवी पावसाळ्यात दोन-चार तास वीज जाते, तो हिशोब इथे चालत नाही. म्हणून दिवे-पंखे किती आहेत ते नंतर बघा. आधी घरात पाणी कसं चढतं ते बघा.

12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास. ती पूर्ण उतरू द्यायची नसते, इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. हाती साधारण 1200 येतात. तीन जुने पंखे, सहा एलईडी दिवे आणि राउटर मिळून 290 वॅट, म्हणजे चार तास. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर साडेसात. पण नंतर बॅटरी भरायला दहा-बारा तास वीज लागते आणि नेमकी तीच नसते. विहिरीला रहाट असेल, किंवा नळाचं पाणी उंचावरून आपोआप येत असेल, तर इन्व्हर्टरवर थांबा. वापर नसलेला जनरेटर खाऱ्या हवेत गंजतो.

बोअरवेलवर 1 एचपीचा पंप असेल तर मात्र जनरेटर घ्या. पंप चालताना किलोवॅटभर घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका देतो. 2 केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद) जनरेटर तिथेच गुदमरतो. किमान 3 केव्हीए हवा, आणि बाकी सगळं बंद ठेवून आधी पंप लावायचा. टाकी भरली की मग फ्रिज आणि इन्व्हर्टर. निम्म्या भाराला तासाला साधारण एक लिटर पेट्रोल जातं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन तास धरले तर आठवड्याला 28 लिटर. वादळानंतर पेट्रोलपंपही बंद असतात, हे धरून चला.

जनरेटरवर इन्व्हर्टर चार्ज होत नाही, ही तक्रार नेहमीची. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वर असतं, त्यामुळे जनरेटरचं वरखाली होणारं व्होल्टेज तो नाकारतो. 'नॉर्मल'वर टाकून बघा. 15 अँपिअरने दोन तासांत 30 एएच भरतात, म्हणजे पाचवा हिस्साच. रात्री एक पंखा, दोन दिवे एवढंच ठेवा.

छतावरच्या साध्या ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय, थेट विजेच्या लाइनला जोडलेल्या) सोलरवर विसंबू नका. लाइन गेली की तोही बंद पडतो. हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन नसतानाही सोलर आणि बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी असेल तरच उपयोग, तोही ढगाळ दिवसांत कमी.

जनरेटर हंगामात चालू न होण्याचं कारण बहुतेकदा कार्बोरेटर. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, महिनोन्‌महिने राहिलं की जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र) चोंदतो. ठेवताना टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. मे महिन्यात ताजं पेट्रोल घालून पंधरा मिनिटं भारावर चालवा, ऑइलची पातळी बघा.

पाऊस आहे म्हणून जनरेटर पडवीत आणू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेत जीव घेतो. खिडक्यांपासून वीस फूट लांब, वर पत्र्याचं छप्पर, चारही बाजू मोकळ्या. आणि त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये कधीही घुसवू नका: वीज मीटरमधून उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. दोन पोलचा चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकालाच जोडणारा) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, जनरेटरसोबतच, त्याच दिवशी.